बाबा, दुसरं पान आधी एकट्याने वाचा

नांत, फ्रान्स
22 फेब्रुवारी 2025

ती. आजी, ती. बाबा आणि ती. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. रोज फोन होतो तरी पत्र कशाला, असं आई म्हणणार. एक तर फोनवर आजीला नीट ऐकू येत नाही, ती ‘बरं बरं’ म्हणते आणि फोन आईच्या हातात देते. आणि पाचव्या मिनिटाला बाळ तरी रडायला लागतं, नाहीतर आपण दोघी. म्हणून लिहायला घेतलं. बाबांनी ओसरीवर बसून मोठ्याने वाचावं, काकांची सुरतेहून पत्रं यायची तेव्हा वाचायचे तसं. फक्त दुसरं पान बाबांनी आधी एकट्याने वाचावं आणि काय ते ठरवावं.

आधी तब्येतीचं, नाहीतर आईचं पुढे लक्ष लागणार नाही. टाके भरले. भूक लागते. बाळाचं वजन 3 किलो 600 झालंय. घरी तपासायला नर्सबाई येत होत्या, त्यांना इथे साज-फाम म्हणतात, शब्दशः अर्थ ‘शहाणी बाई’, आणि खरंच शहाणी आहे. शेक घ्यायला शेगडी ठेवता येत नाही, जरा धूर झाला की छतावरचं यंत्र बोंबलतं आणि वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात जमतात. गरम पाण्याच्या पिशवीवर भागवते. अळीव तू पाठवलेले पुरतायत, डिंकाचे लाडू मात्र अभिजितने निम्मे संपवले. कान बांधते. आई, शपथ, बांधते. अभिजितला बापाची म्हणून 28 दिवसांची रजा होती, ती परवा संपली. माझी बाळंतपणाची सोळा आठवड्यांची आहे, त्यातले सहा आधीच गेले, म्हणजे अजून एप्रिलपर्यंत मी घरीच. तेव्हा तू आली नाहीस म्हणून काही अडलं नाही.

हे वाक्य लिहून झाल्यावर वाचलं. कागदावर ते मला म्हणायचं होतं तसं उतरलं नाही. खोडायला गेले तर तू विचारणार काय खोडलंस म्हणून, त्यापेक्षा राहू दे. ऑक्टोबरात तू बॅग भरायला काढलीस आणि मी म्हटलं, थंडीत येऊ नको, आजीच्या कंबरेचं बघायला कोण राहील. ते खरंच होतं. पण तेवढंच नव्हतं. घर दोन खोल्यांचं, तुला इथे साडेपाचलाच अंधार झालेला बघवणार नाही, तू दिवसभर खिडकीत बसशील आणि मी ऑफिसातून येऊन तुझ्याकडे बघत बसेन, असलं काहीतरी डोक्यात होतं. मग ती सुट्टी लागली आणि दिवसभर खिडकीत मीच बसले.

असो. आता नावाचं. तुझे तीन प्रश्न आहेत आणि तिन्ही तू रोज वेगवेगळ्या वाटेने विचारतेस: बारशाच्या आधी नाव का ठेवलं, अक्षर का बघितलं नाही, आणि ‘दोरा’ हे काय माणसाचं नाव आहे.

पहिल्याचं उत्तर कायदा. इथे मूल झालं की पाच दिवसांच्या आत, जन्माचा दिवस सोडून, नगरपालिकेत जाऊन नोंद करावीच लागते आणि त्या नोंदीत नाव लागतं. ‘बेबी गर्ल’ लिहून ठेवा, नाव मागाहून कळवतो, हे चालत नाही. उशीर झाला की कोर्टाचा हुकूम आणावा लागतो. 2016 पर्यंत तर तीनच दिवस मिळायचे. ती शुक्रवारी, 24 जानेवारीला झाली, म्हणजे बुधवारपर्यंत मुदत. मंगळवारी दुपारी अभिजित पालिकेत जाऊन आला. बाराव्या दिवसाची वाट बघण्याचा प्रश्नच नव्हता. गुरुजींचं उत्तर आलं आठव्या दिवशी: अनुराधा नक्षत्र, अक्षरं ना, नी, नू, ने. तोवर सरकारी कागदावर शिक्का बसून दोन-तीन दिवस झाले होते. गुरुजींना दोष नाही, त्यांना काय ठाऊक फ्रेंच माणसांना एवढी घाई असते.

दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाकडे वळण्याआधी इथला एक प्रकार नीट सांगते, कारण तो मला स्वतःलाही आधी कळला नव्हता. आई, आपल्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात काय असतं? तिथी, एकादशी, चंद्रोदय, पाठीमागे मोदकाची कृती. इथल्या चौकोनात माणसाचं नाव असतं. रोज एक. आज इसाबेल. उद्या दुसरं कुणी. हे सगळे त्यांचे संत, वर्षभर रांगेने उभे केलेले. हे कॅलेंडर विकत आणत नाहीत. नोव्हेंबर-डिसेंबरात पोस्टमन स्वतः दारावर येतो, चार-पाच पुढे धरतो, मांजराच्या चित्राचं हवं की समुद्राच्या, आणि आपण आपल्या मनाने त्याच्या हातावर पैसे ठेवायचे. अगदी दिवाळीची पोस्त. मग ज्या दिवशी ज्याचं नाव, त्या दिवशी त्या नावाच्या यच्चयावत माणसांना सगळ्यांनी ‘बॉन फेत’ म्हणायचं. लक्षात घे, वाढदिवस नाही. वाढदिवस वेगळा, तो आहेच. ही नावाची म्हणून एक वेगळी तिथी. कुणी फोन करतं, एखादी आजी नातवाला दहा युरो देते. टीव्हीवर हवामान सांगणारी बाई पाऊस पडणार हे सांगून झालं की उद्या कोणाचं नाव तेही सांगते, म्हणजे आपली कुणी ओळखीची राहायला नको.

पहिल्या वर्षी, 27 जुलैला, ऑफिसातल्या एका नातालीला सगळे ‘बॉन फेत’ म्हणाले. मला वाटलं वाढदिवस. मी तिच्यासाठी फुलं आणली आणि हसत विचारलं, किती पूर्ण झाली? ती पन्नाशीची. सगळं ऑफिस गप्प. मग जेवणाच्या सुट्टीत तिनेच मला हा कॅलेंडरचा सगळा कारभार समजावला, अर्धा तास. वर म्हणाली, तू अगदीच चुकली नाहीस, नाताली या नावाचाच अर्थ जन्मदिवस. बाबा, तुमच्यासाठी: आपला ‘नाताळ’ पोर्तुगीजांकडून आला, त्याच लॅटिन शब्दाचा.

एवढं लांबण लावलं ते यासाठी की इथे नाव ही घरातली खाजगी गोष्ट कधी नव्हतीच. 1803 सालचा कायदा होता, नेपोलियनच्या वेळचा. मुलाचं नाव एक तर कॅलेंडरातलं पाहिजे, नाहीतर जुन्या इतिहासातल्या माणसाचं. पालिकेतला कारकून सरळ नाही म्हणू शकायचा. मध्ये थोडी सूट मिळाली, पण कायदा खरा सैल झाला 1993 मध्ये. आताही अगदी वाटेल ते चालत नाही. नाव मुलाला जाचक होईल असं वाटलं तर पालिका सरकारी वकिलाला कळवते. 2014 मध्ये वालॉंसिएन गावात एकांनी मुलीचं नाव ‘न्युटेला’ ठेवलं, पावाला लावायची ती चॉकलेटची बरणी असते ना, ती. कोर्टाने ते ‘एला’ केलं. तेव्हा आई, ‘दोरा’ला इथे कुणाची हरकत नाही. हरकत फक्त तुझी आहे.

अर्थ सांगते. दोरॉन म्हणजे ग्रीकमध्ये भेट, दिलेली वस्तू. त्यापासून दोरोते, देवाची भेट. तेच दोन शब्द उलटे फिरवले की तेओदोरा. तिथेही देवाची भेट. एवदोरा म्हणजे चांगली भेट, इझिदोरा म्हणजे इसिस देवीची. या सगळ्यांत जो तुकडा सारखा आहे तो आम्ही घेतला आणि देव ज्याचा त्याने मनात धरावा म्हणून सोडून दिला. शेजारच्या मादामना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, चाळिशीच्या माणसांपुढे ‘दोरोते’ म्हटलं की त्यांना टीव्हीवरची मुलांच्या कार्यक्रमातली बाईच आठवते, 1987 ते 97 ती रोज दिसायची, तिच्यापायी त्या नावाचा चोथा झाला. दोरा बरं, म्हणाल्या. छोटं. आणि ‘द’ इथे आपल्यासारखाच म्हणतात, ‘डोरा’ नाही. फक्त ‘र’ घशातून खरवडून काढतात.

हो, मराठीत दोरा म्हणजे दोरा. मला माहीत आहे. सुई-दोरा, गंडा-दोरा, वडाला गुंडाळायचा दोरा, सगळं बंड्याने फोनवर करून झालंय. आजीने मात्र एवढंच विचारलं, पक्का ना? गोधडीला पक्का दोरा लागतो, कच्च्याने टाके उसवतात. मी म्हटलं, पक्का आहे आजी.

आजीसाठी एक गोष्ट, ही बाबांनी सावकाश वाचावी. या दोरोतेचा दिवस 6 फेब्रुवारी. (पोस्टमनच्या कॅलेंडरात त्या दिवशी गास्तों नावाचे कुणी बुवा छापलेत, एका चौकोनात सगळे मावत नाहीत.) आताच्या तुर्कस्तानात, कॅपॅडोशियात, दोरोते नावाची मुलगी होती. धर्म सोडत नाही म्हणून तिला मारायला नेत होते. ती म्हणायची, मी माझ्या धन्याच्या बागेत चालले आहे. वाटेत एक वकील होता, तेओफिल, तो हसून म्हणाला, मग त्या बागेतली चार फुलं-फळं आम्हालाही पाठव की. ऐन हिवाळा, झाडाला पान नाही. ती म्हणाली, पाठवते. तिला मारलं, आणि तेवढ्यात एक लहान मूल टोपली घेऊन त्या वकिलापुढे उभं राहिलं. तीन सफरचंदं, तीन गुलाब. तो तिथल्या तिथे पालटला आणि पुढे त्यालाही मारलं. आपल्या कहाणीसारखं ‘तशी तुम्हाआम्हाला पावो’ इथे शेवटी नाही, पण फुलवाले आणि माळी तिला मानतात. आजी, तुला टोपली आवडेल असं वाटलं.

बाबा, तुमचंही एक. फ्रेंचमध्ये दिअदॉने असं पुरुषाचं नाव आहे. दिअ म्हणजे देव, दॉने म्हणजे दिलेला. सरळ देवदत्त. नुसता अर्थ नाही, दोन्ही तुकडे मुळातसुद्धा आपलेच: त्यांचा दिअ लॅटिन देउसमधून, तो आणि आपला देव एका घराण्यातले, आणि त्यांचं दों आणि आपलं दान हेही सख्खे. गंमत अशी की दोरोतेमधला ग्रीक ‘तेओ’ दिसतो देवासारखा, पण तो त्या घराण्यातला नाही. तुम्ही शाळेत फळ्यावर असलं लिहायचात, तेव्हा मी मागच्या बाकावर झोपायचे. चौदावा लुई, तो वर्सायवाला, त्याचंही नाव लुई-दिअदॉने. आईबापाचं लग्न 1615 चं आणि हा झाला 1638 मध्ये, तेवीस वर्षांनी. नवसाचा. नवस फेडायला त्याच्या आईने पॅरिसमध्ये वाल-द-ग्रास नावाचं मोठं चर्च बांधवलं, अजून आहे. मुलीसाठी हे नाव लिहायचं तर शेवटी एक जास्तीचं अक्षर लागतं, पण त्याचा उच्चार होत नाही. ऐकायला मुलगा-मुलगी एकच.

आमच्या नांतचंही एक नाव याच अर्थाकडे जातं. दोनासिएं आणि रोगासिएं असे दोन भाऊ रोमन काळात इथे मारले गेले, लोक त्यांना ‘नांतची लेकरं’ म्हणतात. त्यातल्या दोनासिएंचा अर्थ दिलेला. मुलीचं होतं दोनासिएन. त्यांच्या नावाचं चर्च आहे, 2015 मध्ये त्याचं छप्पर जळालं होतं. दोनासिएन छान वाटलं मला, पण अभिजित म्हणाला, पुण्यात रिक्षावाल्यालासुद्धा सांगता येणार नाही.

नातानाएल हेही होतं, त्याने दिली, देवाने दिली अशा अर्थाचं. यात आपली ‘नात’ अगदी आयती बसलेली. तेही लांब वाटलं म्हणून सोडलं. आणि आठव्या दिवशी गुरुजींचा फोन: ‘ना’. आई, तेव्हा मी फोन ठेवून एकटीच हसले आणि मग थोडी रडले, पण ते बाळंतपणाचं रडणं, त्याला अर्थ नसतो, शहाणी बाई म्हणालीच होती.

एवढी ‘भेट’च का डोक्यात बसली, हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते. रागावून नाही. मुलगी झाली हे सांगायला अभिजितने फोन लावला तेव्हा स्पीकर चालू होता. सासूबाई म्हणाल्या, पहिली बेटी धनाची पेटी. आजी मागून ओरडली, दोघी सुखरूप ना? आणि तू म्हणालीस, ‘असू दे.’ तुझ्या मनात काही नव्हतं, मला पक्कं ठाऊक आहे, तू पिशवी फाटली तरी असू दे म्हणतेस, दूध उतू गेलं तरी. पण मी तेव्हा पडून होते, ती माझ्या छातीवर होती आणि तो शब्द खोलीत बराच वेळ राहिला. रात्री झोप लागेना. मोबाइलवर बघत बसले, मुलींची कुठली नावं अशी आहेत की ज्यांचा अर्थ ‘दिलेली’ होतो. आपल्या गावात दत्तू किती, प्रसाद किती, गुरुदत्त दोन. त्या अर्थाची मुलगी मला एक आठवेना. म्हणून इथल्या बघितल्या.

(इथून दुसरं पान.)

बाबा, 2014 मध्ये पासपोर्टसाठी माझा जन्मदाखला शोधताना मी आजीची ट्रंक उघडली होती. त्यात एका हक्कसोडपत्राची प्रत होती. आजीने माहेरच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडला, त्याची. खाली अंगठा. आणि मजकुरात, ‘नकुसा हिने राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय’. मी तुम्हाला तेव्हा विचारलं नाही. आईला विचारलं, तर ती म्हणाली, अगं ते तिचं माहेरचं नाव, पाचवी मुलगी झाली म्हणून ठेवलेलं, नाव ठेवलं की पुढे मुलगा होतो म्हणायचे. आणि झाला. त्यालाच ती जमीन गेली.

2011 च्या ऑक्टोबरात आपल्या साताऱ्यात नकुसा, नकुशी नावाच्या 285 मुलींची नावं समारंभ करून बदलली, आठवतं? पेपरात फोटो होता, मुलींच्या हातात नव्या नावाची प्रमाणपत्रं. तुम्ही मोठ्याने वाचलंत. आजी तांदूळ निवडत होती. म्हणाली, माझं तर लग्नात ताटातल्या तांदळात बदललं, फुकट. आम्ही सगळे हसलो. तेव्हा मला माहीतच नव्हतं की ती स्वतःचं सांगतेय, मला वाटलं लग्नात बदलतात तसं. तुम्हाला माहीत होतं. तुम्हीही हसलात.

इथे जन्माच्या नोंदीत नावं दोन-तीन लिहितात, मध्ये स्वल्पविराम देऊन. पहिलं हाक मारायचं. पुढची आजी-पणजीची असतात, ती फक्त कागदावर राहतात. अर्ज भरताना अभिजितने दवाखान्यात फोन केला, दुसरं नाव काय लिहू? मी म्हटलं, आजीचं. तो म्हणाला, हो, पण काय? आणि मी गप्प झाले. क्षणभर ते पहिलं लिहावंसं वाटलं. ‘दोरा, नकुसा’. भेट, नकोशी. कोर्टाला कळलं असतं तर त्यांनी ते न्युटेलासारखंच बदललं असतं. मग पार्वती लिहिलं. कारकून ‘पाख्वाती’ म्हणाला म्हणे.

माझं एक काम करा. गुरुजींचं ‘न’ वाया घालवायला नको, पत्रिकेतलं नाव अजून ठेवायचं आहे. ते आजीने ठेवावं, ‘न’वरून, तिला आवडेल ते. नंदा, निर्मला, नर्मदा, काहीही. ट्रंकेचं मी बोलले हे तिला सांगायचं की नाही ते तुम्ही बघा. नुसतं म्हणा, नातीने नाव मागितलंय.

(दुसरं पान संपलं. आता मोठ्याने.)

बारसं झालं, आई, तू फोनवर बघितलंस ते अर्धंच. पाळणा नाही, भिंतीला भोक पाडायला घरमालक परवानगी देत नाही, म्हणून बाबागाडीलाच तुझी जांभळी नऊवारी गुंडाळली. आत्या पुण्यात. अभिजितच्या ताईंनी फोनच्या स्पीकरमधून ‘कुर्र’ केलं आणि तो फोन बाळाच्या कानाशी धरला, ती दचकली आणि असं काही रडली की शेजारच्या मादाम दार वाजवून आल्या. मग त्यांनाच बसवलं. आत्याच्या पाठीत घालायचे धपाटे अभिजितच्या पाठीत घातले, मादामनी फार मनापासून घातले. घुगऱ्या केल्या होत्या, हरभरे कडक राहिले. त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि विचारलं, हे तुमच्या कुठल्या संताचं असतं?

आता बाकीचं भराभर, ती जागी होईल. बंड्यासाठी फलटणची मुलगी बघायला जाताय ना, शिक्षिका आहे म्हणालात, चांगलंच. मुलीला स्वयंपाक येतो का ते विचारा हवं तर, पण लग्नात नाव बदलायचं का, ते तिचं तिला ठरवू द्या. तिची नोकरीची कागदपत्रं सगळी जुन्या नावाची असणार. 1 लाख 20 हजार पाठवलेत, सोमवारपर्यंत खात्यात दिसतील. ते आजीच्या कंबरेसाठी आहेत, मांडवासाठी नाहीत. मांडवाचे वेगळे पाठवीन, जूननंतर. रजेत पगार जरा कमी येतो. अडचण नाही, फक्त आत्ता नको.

आणि बाबा, तुम्ही मंगळवारी आई आत गेल्यावर हळू आवाजात म्हणालात ते. बंड्याला घरासाठी कर्ज काढायचंय, बँकेला उताऱ्यावर त्याचं एकट्याचं नाव हवंय, तेव्हा माझी हक्कसोड लागेल. तुम्हाला सांगताना जड गेलं ते मला कळलं, म्हणून मी लगेच ‘हो’ म्हटलं आणि विषय बदलला. कायदा काय आहे ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही आहे, त्यावर भांडायला हे पत्र नाही. असू दे बंड्याच्या नावावर. पॅरिसला दूतावासात जाऊन कुलमुखत्यारपत्र करता येतं, इथून रेल्वेने दोन-सव्वादोन तास. पण ते मी करणार नाही, मी स्वतः येते. दिवाळीत आम्ही तिघं येतोय, 20 दिवस, तोवर बँकेला थांबायला सांगा. मसुदा मात्र आधी पाठवा, मला नीट वाचून सही करायची आहे. आणि माझं पासपोर्टवर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं, तेव्हा कागदावर कुठलं लावायचं ते आधी विचारून ठेवा.

आजीला गोधडीची घाई नाही म्हणावं, डोळ्यांना त्रास देऊ नको.

तुमची,
मनू